‘म्हणून’ या शब्दाच्या पोटात काय दडलंय?

प्रश्न थोडक्यात असा: पदवीचं पहिलं वर्ष, शाळेत गुण कायम उत्तम, आणि इथे मात्र तीन निबंधांवर एकच शेरा, ‘माहिती भरपूर, युक्तिवाद कुठे आहे?’ मग तर्कशास्त्राचा पेपर घ्यावा का? तर्कदोषांची यादी पाठ करावी का? चर्चेत कुणी उलट प्रश्न विचारला की तारांबळ उडते, तिचं काय करायचं? आणि हे सगळं जमायला वेळ किती लागतो?

मी २२ वर्षं पदवीच्या विद्यार्थ्यांना युक्तिवादाचं लेखन शिकवतो. हा शेरा मी स्वतः शेकडो निबंधांवर लिहिला आहे, त्यामुळे तो किती कुचकामी आहे हे मला चांगलं ठाऊक आहे. शेरा खोटा नसतो, पण तो वाचून पुढे काय करायचं ते कळत नाही. मन लावून अभ्यास करणारी मुलं त्याचा अर्थ ‘अजून संदर्भ हवेत’ असा घेतात आणि पुढच्या निबंधात दुप्पट माहिती कोंबतात. मग शेराही दुप्पट मोठ्या अक्षरांत येतो.

त्याचा खरा अर्थ असा असतो: तुम्ही विषयाबद्दल बोललात, पण काही पटवून देण्याची जबाबदारी अंगावर घेतली नाहीत. शाळेत ‘कारणे लिहा’ असं विचारतात आणि कारणं पुस्तकात असतात. विद्यापीठात बहुतेक वेळा असा प्रश्न समोर येतो ज्यावर जाणकारांचंही एकमत नाही. तिथे आठवून लिहिलेली पाचच्या पाच कारणं बरोबर असू शकतात आणि निबंध तरीही पोकळ राहतो. कोणतं कारण किती वजनाचं आहे आणि ते निष्कर्षापर्यंत पोचतं कसं, हे सांगायचंच राहून गेलेलं असतं.

एक नमुना घेऊ. ‘जे विद्यार्थी वर्गात नियमित येतात त्यांना जास्त गुण मिळतात. म्हणून विद्यापीठाने उपस्थिती सक्तीची करावी.’ सहज वाचलं तर काही खटकत नाही. पहिलं वाक्य खरंही आहे; हजेरी आणि गुण हातात हात घालून चालतात हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. सगळी गडबड आहे ती ‘म्हणून’ या एका शब्दात. त्याच्या पोटात निदान तीन न बोललेली विधानं दडली आहेत. पहिलं, गुण हजेरीमुळे वाढतात. दुसरं, स्वखुशीने येणाऱ्याला जो फायदा होतो तोच बळजबरीने बसवलेल्यालाही होईल. तिसरं, सज्ञान माणसाने आपला वेळ कसा घालवावा हे त्याने स्वतः ठरवण्यापेक्षा त्याचे गुण वाढणं महत्त्वाचं आहे.

पहिल्याला आव्हान देणं सोपं आहे. ज्यांना विषयाची गोडी आहे तेच वर्गात येतात, तेच घरीही वाचतात, आणि गुण त्या वाचण्याचे असतील. दुसरं थोडं चलाख आहे, कारण पहिलं मान्य केलं तरी ते आपोआप सिद्ध होत नाही. पण सगळ्यांत चांगलं लपतं ते तिसरं. ते आकडेवारीने सिद्ध होणारं विधानच नाही. काय आहे यावरून काय असावं यावर मारलेली ती उडी आहे. अशी उडी मारायला हरकत नाही. धोरणाबद्दलचा प्रत्येक निबंध ती मारतोच. फक्त ती मारली हे लिहिणाऱ्याला माहीत हवं आणि वाचणाऱ्याला दिसायला हवं.

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली एका पुस्तकात हाच सांधा उघडून दाखवला. दावा, पुरावा, आणि पुराव्यावरून दाव्याकडे जाण्याचा परवाना देणारं विधान, अशी त्यांची मांडणी. त्याखेरीज त्या परवान्याला आधार काय, दावा किती जोराने करायचा, आणि कोणत्या परिस्थितीत तो मागे घ्यावा लागेल, हेही वेगळं लिहायचं. त्या पुस्तकाचं स्वागत त्यांच्याच देशातल्या तत्त्वज्ञांनी थंडपणे केलं. अमेरिकेतल्या वक्तृत्व आणि संवाद शिकवणाऱ्या विभागांनी मात्र ते उचलून धरलं. शिकवणाऱ्यांना उपयोगाचं काय ते लवकर कळतं, असं मी म्हणेन, पण मी त्याच जमातीतला असल्याने माझं मत थोडं कमी वजनाचं धरा.

खरं तर हा सांधा आपल्याला टूलमिनच्याही पुष्कळ आधीपासून माहीत आहे. ‘डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतो’ हे न्यायदर्शनातलं, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतलं, उदाहरण अनेकांनी ऐकलेलं असतं. त्यातलं ‘जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग’ हे विधान म्हणजे व्याप्ती, आणि नैयायिकांनी, म्हणजे त्या परंपरेतल्या पंडितांनी, शतकानुशतकं घासाघीस केली ती मुख्यतः या व्याप्तीवर. मला त्यातली सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे ‘उपाधी’ची कल्पना. उलटं म्हणून पाहा: ‘जिथे आग तिथे धूर’. हे टिकत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. धूर येतो तो सरपण ओलं असेल तर. ओलं सरपण ही इथली उपाधी, म्हणजे आपण उच्चारायला विसरलो ती अट.

आता हजेरीकडे परत या. विषयाची गोडी हे तिथलं ओलं सरपण आहे. आणि सक्तीने आणून बसवलेला विद्यार्थी म्हणजे तो तापलेला गोळा: हजेरी आहे, गुण नाहीत. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मुलं हसतात, पण त्या हसण्यानंतर ती स्वतःच्या निबंधांत ओलं सरपण शोधू लागतात.

तर पहिला सल्ला हा. तुमच्या जुन्या निबंधातला प्रत्येक ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘यावरून दिसते की’ याभोवती गोल करा आणि शेजारी समासात ते न बोललेलं वाक्य लिहा. निबंधात एकही गोल निघाला नाही, तर प्राध्यापकांचा शेरा शब्दशः खरा आहे.

तर्कशास्त्राचा पेपर घ्यावा का? घ्या, पण काय मिळेल हे समजून घ्या. एक मोठी गोष्ट मिळेल: निष्कर्ष पटणं आणि निष्कर्ष निघणं यांतला फरक. ‘सर्व मासे पाण्यात राहतात; देवमासा पाण्यात राहतो; म्हणून देवमासा मासा आहे’ इथे दोन्ही आधारविधानं खरी आहेत, तरी निष्कर्ष त्यांतून निघत नाही. ‘सर्व पक्षी उडतात, शहामृग पक्षी आहे, म्हणून शहामृग उडतो’ इथे निष्कर्ष अगदी रीतसर निघतो, फक्त पहिलंच विधान खोटं आहे. कोणता दोष कुठला हे वेगळं सांगता आलं की चर्चेतला अर्धा गोंधळ संपतो. ‘जर-तर’ची शिस्तही लागते. ‘अभ्यास केला तर पास होशील’ यावरून ‘पास झाला, म्हणजे अभ्यास केला असणार’ असं निघत नाही, हे सगळ्यांना कळतं, आणि स्वतःच्या लेखनात सगळे तेच करतात.

पण तर्कशास्त्राने माणूस आपोआप चिकित्सक होत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ साली मांडलेलं पत्त्यांचं कोडं इथे महत्त्वाचं आहे. चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. तुम्हाला दिसतात ‘अ’, ‘क’, ४ आणि ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खोटा तर नाही ना हे ठरवायला कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक जण ‘अ’ आणि ४, किंवा नुसतं ‘अ’ म्हणतात. उत्तर आहे ‘अ’ आणि ७. चारच्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही; सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो. अशा प्रयोगांत बरोबर उत्तर देणारे साधारण दहांत एकही नसतात.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. १९८२ साली ग्रिग्ज आणि कॉक्स या दोन संशोधकांनी तोच नियम वेगळ्या कपड्यांत मांडला: कुणी बिअर पीत असेल तर त्याचं वय कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त हवं, तर कुणाला तपासाल? तार्किक सांगाडा तोच, आणि आता सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी बरोबर उत्तर दिलं. पेयं आणि वयं त्यांच्या परिचयाची होती. नियम मोडणारा कसा दिसतो हे त्यांना माहीत होतं.

यातून मी माझ्यापुरता निष्कर्ष काढला आहे, आणि त्याच्याशी असहमत असणारे सहकारीही आहेत. चिकित्सक विचार हे कुठल्याही विषयाला लावता येणारं सुटं अवजार नाही. तुम्ही इतिहास शिकत असाल तर हा दस्तऐवज कोणी, कोणासाठी, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला हे विचारण्यात तुमची चिकित्सा असते. प्रयोगशाळेत असाल तर तुलनेसाठी दुसरा गट होता का, हे विचारण्यात. विषयाची माहिती नसलेला माणूस ‘हे कशावरून?’ एवढंच विचारू शकतो. माहिती असलेला नेमकं कुठे बोट ठेवायचं ते जाणतो. म्हणून तर्कशास्त्राचा पेपर घ्या, पण तिथे शिकलेलं दर आठवड्याला स्वतःच्या मुख्य विषयात लावून पाहा. ते आपसूक तिकडे जात नाही.

तर्कदोषांच्या यादीबद्दल मात्र माझं मत जरा कडू आहे. ॲरिस्टॉटलने १३ दोष सांगितले. न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, ५ हेत्वाभास (फसवी कारणं) आहेत, वर २४ जाती (पोकळ आक्षेप) आणि २२ निग्रहस्थानं (वादात हार ठरवणाऱ्या चुका). आज फिरणाऱ्या याद्यांत तर शंभरावर नावं सापडतात. एका वर्षी मी सत्राच्या दुसऱ्याच आठवड्यात अशी यादी वाटली आणि पुढचे दोन महिने पस्तावलो. प्रत्येक चर्चेत मुलं एकमेकांवर दोषांची नावं फेकत होती, जसे काही पंच कार्ड दाखवताहेत. ‘हा व्यक्तीवरचा हल्ला आहे!’ ‘हा अधिकाराचा आधार आहे!’ मुद्दा काय होता ते कुणीच पाहत नव्हतं.

शिवाय यातल्या बहुतेक गोष्टी नेहमीच दोष नसतात. हृदयरोगतज्ज्ञाने हृदयाबद्दल सांगितलेलं मानणं शहाणपणाचं आहे. त्याने व्याजदरांबद्दल सांगितलेलं त्याच भरवशावर मानणं हा दोष. साक्षीदाराच्या चारित्र्यावर बोलणं एरवी अप्रस्तुत, पण खटल्याच्या निकालात त्याचे पैसे गुंतले असतील तर ते सांगायलाच हवं. आणि दोष सापडला तरी त्याने फक्त तो युक्तिवाद पडतो. निष्कर्ष खोटा ठरत नाही. चुकीच्या गणितातूनही कधीकधी बरोबर उत्तर येतं.

न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचं फक्त खंडन करत राहणं म्हणजे वितंडा. दोषांची यादी पाठ केलेला विद्यार्थी हमखास वितंडेत शिरतो, कारण तिथे हरण्याची भीती नसते. स्वतः काही म्हटलेलंच नाही, तर खोडणार काय? म्हणून माझ्या वर्गात आता नियम आहे: ज्याला आक्षेप घ्यायचा त्याने आधी त्या प्रश्नावर स्वतःचं उत्तर एका वाक्यात सांगायचं. यादी मी सत्राच्या शेवटी देतो. तोवर तिची फारशी गरज उरत नाही.

आता अवघड भाग. दुसऱ्याच्या युक्तिवादातली फट दिसणं तुलनेने लवकर जमतं; स्वतःच्यातली दिसत नाही, आणि याचं कारण बुद्धी कमी असणं हे नाही. १९७९ साली स्टॅनफर्डमधल्या लॉर्ड, रॉस आणि लेपर यांनी मृत्युदंडाच्या बाजूच्या आणि विरोधातल्या विद्यार्थ्यांना दोन संशोधनं वाचायला दिली. एकात मृत्युदंडाने गुन्हे कमी होतात असं दिसत होतं, दुसऱ्यात उलट. दोन्ही गटांना आपल्या बाजूचं संशोधन पक्कं वाटलं आणि विरुद्ध बाजूच्या संशोधनात भराभर चुका सापडल्या. वाचून झाल्यावर दोन्ही गट आपापल्या मतावर अधिकच ठाम झाले. म्हणजे त्यांना चिकित्सा करता येत होती. ती फक्त एकाच दिशेला चालत होती.

लॉर्ड आणि लेपर यांनीच आणखी एका सहकाऱ्याबरोबर १९८४ साली पुढचा प्रयोग केला. काही जणांना सांगितलं, शक्य तितके निष्पक्ष राहा. त्याचा उपयोग झाला नाही. इतरांना सांगितलं, प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारा, याच पद्धतीने केलेल्या या संशोधनाचा निकाल उलटा आला असता तरी मी ते इतकंच चांगलं किंवा इतकंच वाईट ठरवलं असतं का? त्याने फरक पडला. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण ‘पूर्वग्रह सोडा’ हा उपदेश आपण सगळेच करतो आणि तो पाळायचा कसा हे कुणी सांगत नाही. इथे एक प्रश्न हातात मिळतो. तो चिठ्ठीवर लिहून वाचनाच्या टेबलावर चिकटवा.

याच कामाला आपली जुनी रीत आहे पूर्वपक्षाची: आपलं मत मांडण्याआधी विरोधकाचं म्हणणं त्याच्याच तोंडी शोभेल अशा ताकदीने मांडायचं. विद्यार्थी हे लिहितात तेव्हा एक लबाडी करतात. ‘काही लोक असे म्हणू शकतील की...’ असं म्हणून एक मरतुकडा आक्षेप उभा करतात आणि पुढच्याच ओळीत लोळवतात. कसोटी सोपी आहे. ते मत खरोखर मानणाऱ्या वर्गमित्राला तुमचा परिच्छेद वाचायला द्या. ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं तो म्हणाला तर पूर्वपक्ष झाला. ‘मी असं कुठे म्हणतो?’ असं म्हणाला तर पुन्हा लिहा. हल्ली काही जण विरुद्ध बाजू यंत्राकडून लिहून घेतात. आक्षेप सुचवायला ते ठीक आहे, पण परिच्छेद स्वतः लिहा. विरोधकाचं म्हणणं स्वतःच्या हाताने लिहिताना जो अस्वस्थपणा येतो, शिकणं तिथेच होतं.

आकडे समोर आले की एकच सवय आधी लावा: हा आकडा कशाकशाची बेरीज करून आला? अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या १९७३ सालच्या पदव्युत्तर प्रवेशांत अर्जदार पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. उघड भेदभाव वाटतो. पण विभागवार पाहिल्यावर चित्र बदललं. बहुतेक विभागांत स्त्रियांवर अन्याय दिसेना, उलट त्यांच्या बाजूने थोडा कल दिसला. जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणं कठीण, अशा विभागांत स्त्रियांचे अर्ज जास्त होते. स्त्रिया त्याच विभागांकडे का वळल्या हा प्रश्न उरतोच, पण तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

सरावाबद्दल. वाचून हे येत नाही, हे पोहण्यासारखं आहे वगैरे मी सांगत नाही. तुम्हाला ते आधीच कुणीतरी सांगितलं असेल. मी काय करवून घेतो ते सांगतो. आठवड्यातून एकदा, तुमच्याच विषयातला एक युक्तिवादी परिच्छेद. वाक्यांना क्रमांक द्या. निष्कर्ष कोणता ते ठरवा. तो बऱ्याचदा शेवटी नसतो. कागदाच्या वर निष्कर्ष, खाली कारणं, त्यांखाली त्या कारणांची कारणं, आणि बाण. दोन कारणं मिळून एक काम करत असतील तर ती जोडून दाखवा; प्रत्येक कारण एकटंच उभं राहू शकत असेल तर वेगवेगळे बाण. जॉन विगमोर या अमेरिकी कायदेपंडिताने १९१३ साली खटल्यातले पुरावे असेच आकृतीत मांडले होते. आज ‘युक्तिवादाचा नकाशा’ काढायला सॉफ्टवेअरही मिळतं, पण पेन्सिल पुरते. सुरुवातीला एका परिच्छेदाला तास लागेल, आणि आपण जे वाचून ‘समजलं’ म्हणत होतो ते समजलं नव्हतं हे लक्षात येऊन थोडी लाज वाटेल.

नकाशा एकट्याने काढू नका. दोघांनी एकाच परिच्छेदाचे स्वतंत्र काढा आणि ताडून पाहा. जिथे फरक येतो तिथे एकतर मूळ लेखक संदिग्ध असतो किंवा तुमच्यापैकी एकाने स्वतःचं मत त्यात घुसवलेलं असतं.

चर्चेतल्या तारांबळीला माझ्याकडे मोठा इलाज नाही, छोटे आहेत. उलट प्रश्न आला की उत्तर देण्याआधी तो प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगा: ‘तुमचा आक्षेप पुराव्याला आहे की पुराव्यावरून मी जे काढलं त्याला?’ यात वेळही मिळतो आणि निम्म्या वेळा आक्षेप घेणाऱ्यालाच आधी विचार करावा लागतो. ‘सर्व’ आणि ‘नेहमी’ हे शब्द तोंडातून गेले असतील तर ‘बहुतेक’वर या, ती माघार नाही, दुरुस्ती आहे. ‘यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही, पुढच्या तासाला सांगतो’ हेही चालतं, मात्र पुढच्या तासाला सांगायला हवं. वादविवाद स्पर्धेत भाग घेतलात तर जीभ आणि कान दोन्ही चपळ होतात, पण तिथे बाजू वाटून दिलेली असते आणि मत बदललं तर तुम्ही हरता. तो जल्प आहे. खेळ म्हणून खेळा.

वेळ किती लागेल? माझ्या अनुभवात एका सत्रात दुसऱ्याच्या लेखनातल्या उड्या दिसू लागतात. स्वतःच्या उड्या लिहून झाल्यावर दिसायला वर्ष-दीड वर्ष लागतं. लिहिता लिहिता दिसायला त्याहून जास्त, आणि मलाही त्या दर वेळी दिसतात असं नाही. गेल्याच महिन्यात एका विद्यार्थिनीने माझ्या टिपणातल्या ‘साहजिकच’ या शब्दाखाली रेघ मारून ‘का?’ असं लिहून दिलं.

आत्ता करायचं काम एवढंच: तिसरा निबंध काढा, त्यातला सर्वांत महत्त्वाचा ‘म्हणून’ निवडा, त्याच्या पोटातलं वाक्य समासात लिहा आणि तो एकच परिच्छेद घेऊन प्राध्यापकांना भेटा. ‘माझा निबंध कसा सुधारू?’ असं विचारू नका. त्याला उत्तर म्हणून तोच शेरा पुन्हा मिळेल. ‘ही उडी तुम्हाला पटते का, आणि नसेल तर कुठे अडता?’ असं विचारा.